एल्डर डाबरे, मुक्काम खाबुरा

मेरिल डाबरे आमच्या गाडीवर आला त्या दिवशी मी कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवून दोन करक चहा सांगितले, तर तो म्हणाला, “काका, मी चहा घेत नाही.”

“मग कॉफी सांगू?”

“कॉफी पण नाही.”

“पोट बिघडलंय काय?”

“नाही हो. आमच्यात चालत नाही.”

मला हसूच आलं. ओमानमध्ये माझी निम्मी हयात वसईच्या ख्रिस्ती माणसांबरोबर काम करण्यात गेली. त्यांच्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे हा चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा मला सांगणार? पण तो शांतपणे म्हणाला, “मी मॉर्मन आहे काका. आमचं चर्च वेगळं.” आणि पाण्याची बाटली उघडून बसला. दोन्ही चहा मीच प्यायलो.

माझं नाव तानाजी, गाव देवगडच्या बाजूला. आमची कंपनी एसी बसवते आणि दुरुस्त करते. ऑफिस मस्कतला, रुवीत. पण बातिना किनाऱ्यावरच्या कामांसाठी खाबुऱ्यात एक गाळा घेतलेला आहे, त्याच्यामागे आमच्या राहायच्या खोल्या. व्हॅन मी चालवतो आणि मेकॅनिकच्या हाताखालीही मीच असतो. आधीचा मेकॅनिक दुक्मला रिफायनरीवर गेला, त्याच्या जागी मेरिल आला. दिवसाचे दहा-दहा तास एका गाडीत काढायचे म्हटल्यावर माणूस काही लपून राहत नाही. त्याची सगळी कहाणी मी खाबुरा ते सुवैकच्या रस्त्यावर ऐकली.

त्याचे वडील स्टॅन्ली तो बारावीत असताना गेले. आई लिंडा नंदाखालच्या शाळेत शिवण शिकवायची. हा अंधेरीला एसीचा कोर्स करत होता, तिथे त्याला पांढऱ्या शर्टातली दोन पोरं भेटली. बाप गेल्यापासून याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, ती पोरं बोलली. वर्षभरात हा त्यांच्या चर्चमध्ये गेला. गावात बोभाटा झाला. आई आपल्या जुन्या चर्चमध्येच राहिली. चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी मशीन काढून त्याचे पांढरे शर्ट शिवायला बसली. कारण त्यांच्यातल्या पोरांनी दोन वर्षं देशात किंवा परमुलखात जाऊन देवाचं काम करायचं असतं, आणि याला बोलावणं आलं होतं केनियाचं. मोंबासा.

“एल्डर म्हणायचे आम्हाला,” तो सांगायचा. “एल्डर डाबरे. म्हणजे वडीलधारा. वय एकोणीस, मिशी पण फुटली नव्हती.”

सकाळी साडेसहाला उठायचं, वाचायचं, प्रार्थना करायची आणि बाहेर पडायचं. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर नाव. नेहमी दोघांनीच. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, हाकेच्या अंतरावर हवा. संडास-आंघोळ सोडून एकटं कुठेही जायचं नाही. त्याचा जोडीदार अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाळ गावचा, दोन महिने उन्हाने सोलून निघाला. गल्लीतली पोरं त्या गोऱ्याच्या मागे “म्झुंगू, म्झुंगू” ओरडत धावायची आणि मेरिलकडे बघून कोड्यात पडायची, मग कुणीतरी “म्हिंदी!” म्हणून निकाल लावायचं. म्हिंदी म्हणजे हिंदी, आपल्याकडचा. सिनेमा नाही, गाणी नाहीत, मुलींशी गप्पा नाहीत. सोमवारी बादलीत कपडे धुवायचे आणि आईला फोन करायचा. समुद्र हाकेवर, पण पाण्यात उतरायला बंदी.

“वसईचा पोर मी, काका. दोन वर्षं समुद्रासमोर राहिलो आणि घोटा भिजवला नाही.”

दारं मात्र हजारो ठोठावली. तिकडे बेल वाजवत नाहीत, दारात उभं राहून “होडी!” अशी हाक मारतात. याला पहिल्या दिवशी वाटलं, कुणी होडी मागतंय. आतून “करीबू” आलं की या, बसा. आलं नाही की पुढचं दार. किती जणांनी हाकललं, एकाने कुत्रं सोडलं, एका म्हातारीने दर बुधवारी उकडलेली रताळी खायला घातली पण त्यांचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. दोन वर्षांत चर्चमध्ये किती माणसं आली असं मी विचारलं, तर तो म्हणाला, “थोडी. पण मला दारं वाचता यायला लागली.”

“म्हणजे?”

“दार उघडायच्या आधी कळतं. काही घरं रागावलेली असतात, काही थकलेली. आणि काही घरं घाबरलेली असतात. पडदा हलतो ना, त्यावरून. तिथे आम्ही फार वेळ उभे राहायचो नाही. आपण गेल्यावर आतल्या माणसाला त्रास होतो.”

मी गिअर बदलला आणि विषयही. मला अशा गोष्टी आवडत नाहीत.

इथे ओमानमध्ये तो धर्माचं अवाक्षर काढायचा नाही. कायदा त्याला माहीत होता: तुम्ही तुमचा धर्म पाळा, ठरवून दिलेल्या जागी प्रार्थना करा, पण दुसऱ्याला सांगायला जाऊ नका. त्याचं पुस्तक सुटकेसमध्ये कपड्यांखाली असायचं. शुक्रवारी तो खोलीत एकटाच मोबाईल समोर धरून बसायचा, मस्कतमधल्या त्याच्यासारख्या दोन-चार लोकांबरोबर. मी आत गेलो तर आवाज कमी करायचा.

एकदाच चुकला. खाबुऱ्यात खजुरीच्या बागेत सफिया नावाच्या एका वयस्क बाईंचं घर आहे. त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला गेलो होतो. लाइट गेलेली, बेल वाजेना. मेरिलच्या हातात शिडी, खांद्यावर गॅसची टाकी, त्याने नकळत तोंड वर केलं आणि हाक मारली, “होडी!”

आतून एक म्हातारा आवाज आला, “करीबू!”

आणि मग बाई जवळजवळ धावत बाहेर आल्या. त्यांचा जन्म झांझिबारचा. लहानपणी तिकडे दंगल झाली तेव्हा बापाने जहाजात घालून इकडे आणलेलं. घरात त्यांच्याशी स्वाहिली बोलणारं माणूस उरलं नव्हतं. त्या दिवशी एसीचं काम राहिलं बाजूला, दोघं ओसरीवर बसून बोलत राहिले. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणला तो याने घेतला नाही, बाईंचं तोंड उतरलं. मग चिंचेचं सरबत आलं. हा त्यांना बीबी म्हणायला लागला, म्हणजे आजी. पुढे आम्ही तिकडून गेलो की गाडी थांबायचीच.

एकदा बीबींनी विचारलं, मोंबासात तू काय करायचास? याने खरं ते सांगितलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मला कळावं म्हणून त्यांनी हिंदीत सांगितलं, “इसको समझाओ. हे मी ऐकलं नाही. पण दुसरा कुणी ऐकेल.”

जूनमध्ये समुद्राकडच्या अंगाला एका दुमजली बंगल्यातून फोन आला. वरच्या मजल्यावरचा एसी बंद. आम्ही भर दुपारी पोचलो. त्या वेळेला खाबुऱ्यात चिटपाखरू बाहेर नसतं. रस्ता पांढरा, भिंती पांढऱ्या, डोळे उघडवत नाहीत. फाटकावरचा वॉचमन आम्हाला आत घेऊन पुन्हा कुलूप लावायला लागला तेव्हा मला जरा विचित्र वाटलं.

आणि समोर उभा माणूस मराठीत म्हणाला, “या या! आपलीच माणसं आली!”

फ्रेडरिक त्याचं नाव. वसईचाच, गिरीजचा. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, अंगाला मंद अत्तराचा वास. लोकांना कामाला लावायच्या एका ऑफिसचं काम बघतो म्हणाला. घरकामाला आफ्रिकेतून बायका येतात, मालक मिळेपर्यंत त्या इथे राहतात. मेरिल नंदाखालचा डाबरे म्हटल्यावर तर त्याने याला मिठीच मारली. “लिंडाचा मुलगा? शिवणाच्या बाईंचा? अरे, माझी बहीण शिकलीय तिच्याकडे!” फ्रिजमधून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, काढली. ओमानच्या उन्हात वसईची सुकेळी खाताना मला तो माणूस फार आवडला होता, हे खोटं कशाला बोलू?

वरच्या खोलीचं दार बंद होतं. “मुली झोपल्यात, बाहेरूनच बघा,” फ्रेडरिक म्हणाला. एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर होतं, तिथे गेलो. मेरिलने कपॅसिटर बदलला. पायाखालच्या त्या बंद खोलीतून बारीक गाणं ऐकू येत होतं, दोन-तीन बायकांचं, गुणगुणल्यासारखं. मेरिलचा हात थांबला.

“हे चर्चमधलं गाणं आहे,” तो म्हणाला. “मोंबासात मयताला म्हणायचे.”

माझ्या हातून पाना निसटून पत्र्यावर पडला. गाणं तिथल्या तिथे बंद झालं. पुढचा अर्धा तास खालून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही.

गाडीत बसल्यावर मेरिलने मागे वळून पाहिलं. वरच्या खिडकीला आतून चंदेरी कागद लावलेला होता, इथे उन्हासाठी सगळेच लावतात. त्याच्या एका कोपऱ्याला भोक होतं आणि त्या भोकाशी काहीतरी हललं.

“घाबरलेलं घर,” तो म्हणाला. मी गाडी जरा जोरातच काढली.

आठवडा गेला नाही तोच परत फोन. तोच एसी. या वेळी मेरिलने सगळं तपासलं आणि कॉम्प्रेसर जळालाय म्हणाला. एवढं चांगलं मशीन असं कसं जळालं? तो जिना उतरून वॉचमनच्या खोलीत गेला. विजेचा बोर्ड तिथे होता. वरच्या मजल्याचा स्विच हाताळून हाताळून काळा पडला होता, बाकीचे नवेकोरे.

तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, एसी आपोआप बिघडलाच नव्हता. हे लोक खालून बंद करतात. परत चालू, परत बंद. त्याने कॉम्प्रेसर गेला.”

“वीज वाचवत असतील.”

“शेहेचाळीस डिग्रीत?”

आम्ही सामान आणायला वर गेलो. त्या बंद दारापाशी मेरिल उभा राहिला. मी म्हटलं, चल. तो हलला नाही. दाराला तोंड लावून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “होडी.”

मग आतून एका बाईचा आवाज आला, “करीबू.” या, म्हणाली. आणि रडायला लागली. कारण या म्हणाली खरी, पण दाराला कुलूप बाहेरून होतं.

“अरे वा!” मागून फ्रेडरिक म्हणाला. तो जिन्यात कधी येऊन उभा राहिला मला कळलंच नाही. “तुला यांची भाषा येते?”

मेरिल मागे सरला. “थोडी.”

“देवच पावला म्हणायचा. अरे, यांच्यातली एक आहे, ती जेवत नाही, ऐकत नाही, बाकीच्यांना पण फितवते. माझ्या डोक्याला ताप झालाय. तू समजाव बाबा तिला. तुझ्यासारखा गोड बोलणारा मुलगा हवाच होता मला.” आणि खिशातून किल्ली काढली.

मेरिल माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, तुम्ही पण या. एकट्याने जायचं नाही.”

दार उघडल्यावर आतली हवा तोंडावर आली. भट्टीचं दार उघडल्यासारखी. भिंतीला टेकून चौघी बसलेल्या, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात पाण्याचे रिकामे कॅन. त्यातली एक उंच बाई उठून उभी राहिली. ओठ फाटलेले. मेरिल तिच्यापासून चार हातांवर थांबला आणि म्हणाला, “पोले, दादा.”

बाईमाणसाला हा दादा काय म्हणतो, मला समजेना. त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. आणि पोले म्हणजे, तुझं दुःख मला दिसतंय. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, पण कोण काय बोललं ते इथेच सांगतो.

तिचं नाव म्वेंडे. हॉटेलात काम म्हणून आणलं आणि घराघरांत पाठवलं. एका घरी मारहाण झाली म्हणून पळून ऑफिसला आली, तेव्हापासून इथे. फोन आणि पासपोर्ट काढून घेतलेले. कुणी आवाज केला की एसी बंद होतो, मग पाणी बंद होतं. आणि त्यांच्यातली सगळ्यांत लहान मुलगी, अचिएंग, तिला ताप चढला होता. ती बडबडायला लागली तेव्हा परवा दोघांनी येऊन तिला उचलून गाडीत घातलं. त्यानंतर ती दिसली नाही.

“काय म्हणते?” दारातून फ्रेडरिकने विचारलं.

“पाणी मागते,” मेरिल म्हणाला. “आणि विचारते, अचिएंग कुठे आहे?”

फ्रेडरिकच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. “तिला नोकरी लागली. सलालाला. सांग हिला.”

“तिला ताप होता म्हणे.”

“उतरला.” फार लवकर म्हणाला तो. “सांग ना, मेरिल. सांग की ती खुशाल आहे. तुम्ही पण दोन वर्षं नीट काढा, पैसे घेऊन घरी जा. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल त्यांना.”

म्वेंडे मेरिलच्या तोंडाकडे बघत होती. चौघीही बघत होत्या. मला वाटलं, सांगून टाक बाबा काहीतरी आणि चल इथून.

“अंकल,” मेरिल म्हणाला, “ती खुशाल आहे हे मला माहीत नाही. मी कसं सांगू?”

फ्रेडरिकने हाताने आम्हाला बाहेर बोलावलं. कुलूप लावलं. मग मोबाईल काढून मेरिलसमोर धरला. त्याच्यात मेरिलचाच फोटो होता, पांढरा शर्ट, काळी पट्टी, मागे माडांची रांग.

“नंदाखालचा म्हणालास तेव्हाच चौकशी केली मी. छान दिसतोस रे,” फ्रेडरिक मायेनेच बोलत होता. “आफ्रिकेत दारोदार धर्म सांगत फिरायचास. आता समज, इथे कुणी तक्रार केली, की हा पोरगा बायकांच्या खोलीत शिरून त्यांच्या भाषेत प्रचार करतो. मी काय, गप्प बसेन. पण वॉचमनने पाहिलं ना. तानाजीरावांनी पण पाहिलं. आणि तुझी आई एकटी असते ना, तळ्याच्या मागच्या घरात?” त्याने मेरिलच्या खांद्यावर थोपटलं. “उद्या नवीन कॉम्प्रेसर घेऊन ये. आणि काय सांगायचं ते आज रात्रभर ठरव. यल्ला, चला.”

फाटकाचं कुलूप उघडेपर्यंत माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या.

गाडीत मी त्याला खूप बोललो. म्हटलं, आपण एसीवाले. एसी लावायचा, सही घ्यायची, निघायचं. तुला जेलात घालतील आणि मलाही. माझी मुलगी पूर्वा बारावीला आहे. त्या बायकांचं बघायला त्यांचं सरकार आहे, इथलं सरकार आहे. तू कोण?

तो मान खाली घालून बसला होता. प्रार्थना करत होता की नुसताच बसला होता, देव जाणे. मग म्हणाला, “काका, मी पण घाबरलोय. पण उद्या मी तिथे जाऊन एसी लावला, तर तो त्याच स्विचला लावणार ना? ज्याने त्यांना छळतात त्यालाच?”

पुढे चौक होता. डावीकडे आमचा गाळा, उजवीकडे खजुरीच्या बागा. मी का वळलो ते मला सांगता येणार नाही. त्या बाईचे ओठ डोळ्यांसमोरून जात नव्हते एवढंच. मी गाडी उजवीकडे घेतली.

बीबी सफिया ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. मेरिल त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि बोलत गेला. मला एक शब्द कळत नव्हता, पण बीबींचे हात थांबले ते मी पाहिलं. मध्येच त्यांनी एकच प्रश्न विचारला. नंतर कळलं, विचारलं होतं की ती हरवलेली मुलगी किती वर्षांची? मेरिलने म्वेंडेला विचारलं नव्हतं. तो रडायला लागला.

बीबी उठल्या. अबाया चढवला, फोन लावला. त्यांचा भाचा पोलिसात वरच्या हुद्द्यावर होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. फोनवर त्या अरबीत दोन-तीन वाक्यंच बोलल्या, आवाज न चढवता. मग मला हिंदीत म्हणाल्या, “हा मुलगा इथेच बसेल. तिकडे येणार नाही. तो आला तर सगळं त्याच्यावर ढकलतील.”

आणि गाडीत बसून स्वतः गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, त्या उन्हात.

आम्ही ओसरीवर वाट बघत बसलो. तिसऱ्या प्रहरी अस्रची अजान झाली. सूर्य बागेच्या मागे गेला तेव्हा गाड्या आल्या. बीबींच्या गाडीतून म्वेंडे उतरली, मागोमाग बाकीच्या तिघी. बीबींनी त्यांना आत नेलं आणि दार लावून घेतलं. भाचा बाहेर थांबला. त्याने मेरिलशी हात मिळवला आणि सांगितलं, वॉचमन सापडला, त्या चौघी सापडल्या. फ्रेडरिक मात्र पोलीस पोचायच्या आधीच निघून गेला होता. चहाचा कप टेबलावर अर्धा होता, अजून कोमट.

“आणि अचिएंग?” मेरिलने विचारलं.

भाच्याने नाही म्हणून मान हलवली. सलालाला, मस्कतला, हॉस्पिटलांत, सगळीकडे विचारणा करतो म्हणाला. इन्शाल्ला, सापडेल.

ती सापडली नाही.

तक्रार मात्र आलीच. कुणी केली ते नाव आम्हाला सांगितलं नाही. आठवड्याने मेरिलला बोलावलं, खोलीची झडती झाली, सुटकेसमधून त्याचं पुस्तक निघालं. मलाही बोलावलं. तिथला ऑफिसर तरुण होता, सभ्य होता, त्याने मला थंड पाणी दिलं आणि हिंदीत विचारलं, “हा तुमच्याशी धर्माबद्दल बोलायचा का? तुम्हाला आपल्यात ओढायचा प्रयत्न केला का? खरं सांगा.”

माझा व्हिसा, माझी नोकरी, पूर्वाची बारावी, सगळं त्या टेबलावर होतं. मी म्हटलं, “साहेब, मी एक वर्ष याच्याबरोबर जेवलो, झोपलो. मी विचारलं नाही तोपर्यंत याने मला देवाचं नावसुद्धा सांगितलं नाही. त्या खोलीत मी याच्याबरोबर होतो. याने तिथे एका बाईला बहीण म्हटलं. तो प्रचार असेल तर लिहून घ्या.”

ऑफिसरने लिहून घेतलं नाही. स्वतःपुरतं पुस्तक बाळगणं हा गुन्हा नाही म्हणाला आणि ते परत दिलं. मेरिल सुटला. पण आमच्या कंपनीच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, रुवीत धाकधूक लागली होती. त्याला पोलीस, तक्रार, चर्च, यातलं काहीच नको होतं. त्याने मेरिलला ऑफिसात बोलावून तिकीट हातात ठेवलं. खलास.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बीबींकडे गेलो. म्वेंडे आणि तिच्या सोबतिणींना तोपर्यंत त्यांच्या वकिलातीने ताब्यात घेतलं होतं, कागद तयार होत होते. बीबींनी मेरिलच्या डोक्यावर हात ठेवला. काय बोलल्या ते त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परत येताना तो म्हणाला, समुद्रावर गाडी घ्या. मी घेतली. त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन बराच वेळ समोरच्या लाटांकडे तोंड करून उभा राहिला. मी किनाऱ्यावर थांबलो, हाकेच्या अंतरावर.

मेरिल आता वसईत एसीचीच कामं करतो. म्वेंडे घरी पोचली. तिने त्याला तिच्या मुलाचा फोटो पाठवला. अधूनमधून त्याचा मला फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की तो नेमाने विचारतो, “काका, अचिएंगचं काही कळलं?” मी नाही म्हणतो. बीबींचा भाचाही अजून चौकशी करतो आहे, पण त्या मुलीला उचलून नेणाऱ्या गाडीचा नंबर कुणी पाहिलेला नव्हता.

मागच्या महिन्यात सहम गावाच्या पुढे एका कामावर जाताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी गाडी बाजूला घेतली आणि उचलला.

“तानाजीराव, ओळखलंत का?”

तोच मऊ आवाज. फ्रेडरिकचा.

“राग मानू नका. मी आता दुसरीकडे असतो. नवीन जागा घेतलीय, बरीच मोठी. वरच्या मजल्यावर एसीचं काम निघेल, तेव्हा तुम्हालाच सांगेन म्हटलं. आपला माणूस तो आपलाच.” मग थोडं थांबून, “पोरगा बरा आहे ना आपला? लिंडाबाई चर्चला सकाळच्या मिसाला जातात अजून. परवा दिसल्या म्हणे माझ्या बहिणीला.”

मी फोन बंद केला. तसाच खाबुऱ्याला मागे फिरलो आणि नंबर बीबींच्या भाच्याला दिला. त्याने लगेच लावून पाहिला. तो बंद होता. मग मी मेरिलला फोन केला आणि म्हटलं, आईला घेऊन काही दिवस मुंबईत कुणाकडे तरी जाऊन राहा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“नवीन जागा मोठी आहे म्हणाला?” त्याने विचारलं.

“हो.”

“कुठे आहे ते नाही बोलला?”

“नाही.”

पलीकडे त्याच्या आईचं शिवणाचं मशीन चालू होतं.